श्रीतुकोबारायांचे देणे-घेणे

देहूच्या इंद्रायणीने श्रीतुकोबारायांच्या घरचे कागद दोन वेळा पोटात घेतले. दुसऱ्या वेळी घेतले ते अभंगांच्या वह्यांचे. तेरा दिवसांनी ते कोरडे परत आले, ही कथा लहान मुलालाही पाठ आहे, आणि आम्ही कीर्तनकार ती रंगवून सांगतो. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे याच नदीत याच हातांनी दुसरे कागद टाकले होते. ते होते सावकारीच्या खतांचे. ते परत आले नाहीत, आणि परत यावेत अशी टाकणाऱ्याचीही इच्छा नव्हती. ही पहिली कथा आम्ही दोन वाक्यांत उरकून पुढे जातो. या अंकी तिच्याजवळच थोडे थांबावे असे मनात आहे.

थांबण्याचे कारण उघड आहे. दिंडीत चालणाऱ्या कितीतरी माळकऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि घरी पेटीत सावकाराचा कागद असतो. पेरणीसाठी, लेकीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी काढलेले कर्ज असते. अशा माणसाच्या कानावर खते बुडविल्याची कथा पडली की तो दोहोंपैकी एक अर्थ घेतो. एक म्हणतो, महाराजांनीच खते बुडविली, मग देणे द्यायचे कशाला? दुसरा म्हणतो, ते संत होते, आपण प्रापंचिक, आपल्याला त्याचा काय उपयोग? आमच्या मते दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. चरित्र नीट पाहिले तर देणाऱ्याने कसे वागावे आणि घेणाऱ्याने कसे वागावे, हे दोन्ही त्यात सापडते.

तुकोबारायांचा जन्म परंपरेने शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ चा मानतात. कुळ मोरे, आडनाव आंबिले. आठव्या पिढीचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूत विठ्ठलमूर्तीची स्थापना केली, तेव्हापासून पंढरीची वारी या घरात चालत आली. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरी शेतीवाडी होती, दुकान होते, सावकारी होती आणि देहूची महाजनकी होती. महाजनकी म्हणजे गावच्या पेठेची व्यवस्था पाहण्याचे वतन. बाजारात कोणाचा माल कसा, कोणाची पत किती, हे ज्याला ठाऊक असते तो महाजन. म्हणजे तुकोबाराय कोण्या कफल्लक घरी जन्मले नव्हते, बरं का. चार गावांतल्या लोकांची खते ज्या घरच्या पेटीत होती, अशा घरचे ते मुलगे होते. या कथेचा सगळा अर्थ या एका गोष्टीवर उभा आहे.

सावजी आधीपासून विरक्त. त्यांनी व्यवहाराला हात लावण्यास नकार दिला, म्हणून तेराव्या वर्षी बोल्होबांनी दुकान आणि वह्या तुकोबांच्या हाती दिल्या. मुलगा हुशार निघाला. रोजकीर्द लिहावी, खतावणी करावी, कुळाकडे जाऊन व्याज मागावे, माल भरावा, बैलांवर गोण्या लादून हाटाला जावे, हे सारे त्यांनी केले. पहिली पत्नी रखुमाई दमेकरी, म्हणून वडिलांनी दुसरे लग्न लावून दिले ते पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांच्या कन्येशी. त्या जिजाई, ज्यांना आपण आवली म्हणतो. माहेरही पैसेवाले. चार वर्षे घर असे भरलेले होते.

सतराव्या वर्षी आईवडील गेले. पुढच्या वर्षी सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले, ते परत आलेच नाहीत. घरात लहान भाऊ, दोन बायका, पदरी मूल, आणि सारा बोजा अठरा वर्षांच्या मुलावर. त्यावर शके १५५१-५२ चा, म्हणजे इ. स. १६२९ ते १६३१ चा दुष्काळ आला. दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलुखांत त्याने माणसे मारली. मोगल दरबारच्या बखरकारानेही त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. पाऊस नाही, दाणा नाही, वर फौजांची धावपळ. याच सुमारास आदिलशाही सरदाराने पुणे उजाड केले. ज्यांच्या नावे महाजनांच्या पेटीत खते होती ती कुळे कोठे गेली? कोणी मेली, कोणी गाव सोडून परागंदा झाली, जी उरली त्यांच्या रानात कुसळ उगवेना.

सावकाराच्या घराचे एक गणित असते. कुळाकडून येते तेव्हा पुढच्याला देता येते. येणे थांबले आणि देणे तसेच राहिले की मोठे घरही बसते. तुकोबांच्या दुकानाचे तेच झाले. माल उधारीवर आणलेला, उधारी वसूल होत नाही, घेणेकरी दारात. दिवाळे निघाले. बैल गेले, पत गेली. रखुमाई अन्नावाचून गेल्या, आणि त्यांचा मुलगाही गेला. महाजन म्हणून ज्यांना लोक वाट देत होते त्यांच्याकडे लोक बोट दाखवू लागले. आपली ही दशा, हा अपमान आणि ही लाज तुकोबारायांनी आपल्या अभंगांत झाकून ठेवली नाही. स्वतःचे दिवाळे असे उघड सांगणारा सत्पुरुष आम्हांस दुसरा दिसत नाही.

येथे थोडे शास्त्राचे बोलू. आमच्या पाठशाळेत धर्मशास्त्राचा व्यवहारखंड शिकविताना गुरुजी ऋणादान या प्रकरणापाशी बराच वेळ देत. संस्कृतात कर्ज देणाऱ्याला उत्तमर्ण म्हणतात आणि घेणाऱ्याला अधमर्ण. शब्दांतच एकाला वरचा पाट आणि एकाला खालचा. परंतु शास्त्राने खालच्या पाटावरच्या माणसाला मोकळे सोडले नाही, तसे उघडेही टाकले नाही. घेतलेले द्यावे, हे तर सांगितलेच. मुलाने बापाचे रास्त ऋण फेडावे, हेही सांगितले. पण त्याबरोबर मनूने असे ठरविले की एकदा दिलेल्या पैशाचे व्याज मुद्दलाएवढे झाले की तेथे थांबावे. मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीच्या वर जाऊ नये. यालाच आपल्याकडे दामदुप्पट म्हणतात. याज्ञवल्क्याने गहाण असलेल्या कर्जावर महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग हे व्याज सांगितले, म्हणजे शेकडा सव्वा रुपया. जबरदस्तीने किंवा फसवून लिहून घेतलेला लेख ग्राह्य नाही. जेवढे पैसे फेडले तेवढे त्या कागदाच्या पाठीवर लिहावे. सगळे फिटले की कागद फाडावा. दारू आणि जुगार यांपायी बापाने केलेले ऋण मुलाच्या डोक्यावर येत नाही.

पाहा, मंडळी, कागद हा देव नव्हे. त्याला हात जोडायचे नसतात, त्याला प्रश्न विचारायचे असतात. तू कोणी लिहिलास, कशासाठी लिहिलास, तुझ्या पाठीवर किती फेड मांडली आहे, तुझे व्याज मुद्दलाच्या पुढे गेले का? हे प्रश्न विचारणे म्हणजे देणे बुडविणे नव्हे. शास्त्राने ते विचारण्याचा अधिकार अधमर्णालाच दिला आहे.

आता पुन्हा देहूस येऊ. दिवाळे निघाल्यावर घर सावरण्यासाठी जिजाईंनी काय केले, ते महीपतिबुवा ताहराबादकरांनी सांगितले आहे. आपल्या शब्दावर त्यांनी दोनशे रुपये उभे केले आणि पतीच्या हाती भांडवल दिले. तुकोबाराय माल घेऊन बालेघाटाकडे गेले, विक्री केली, दोनशेचे अडीचशे झाले. परतीच्या वाटेवर देण्याच्या पेचात सापडलेला एक गृहस्थ भेटला. त्याचे हाल पाहून सारी रक्कम त्याला देऊन टाकली आणि रिकाम्या हातांनी घरी आले. जिजाई भडकल्या. कीर्तनात या प्रसंगी आवलीचे सोंग आणून लोकांना हसविण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती रुचत नाही. कर्ज कोणाच्या शब्दावर काढले होते? जिजाईंच्या. कुटुंबासाठी काढलेले ऋण साऱ्या घराचे असते असे शास्त्र म्हणते, म्हणजे तगादा त्याच घरी येणार. मुले उपाशी, आणि दारात घेणेकरी. त्या माउलीचा राग रास्त होता. तुकोबारायांची करुणाही रास्त होती. दोन रास्त गोष्टींची अशी गाठ पडते तेव्हा संसार म्हणजे काय ते कळते, आणि तेथे हसण्यासारखे काही नाही.

दुसरी एक कथा सांगतात. तुकोबाराय मिरच्यांच्या गोण्या घेऊन कोकणात गेले. हे नामात दंग, मापाकडे लक्ष नाही. लोकांनी माल उचलला आणि पैसे देऊ देऊ म्हणत उधार ठेवला. मग पांडुरंगाने त्यांच्या गड्याचे रूप घेतले, घरोघर जाऊन ती उधारी वसूल केली आणि पैसे पोचविले. देणे द्यायचे कशाला, असे म्हणणाऱ्याने ही कथा लक्षात ठेवावी. प्रत्यक्ष देव वसुलीला गेला! ज्याने मिरच्या नेल्या आणि खाल्ल्या, त्याने मिरच्यांचे पैसे दिलेच पाहिजेत. घेतलेल्या वस्तूचे रास्त मोल चुकविणाऱ्याला तुकोबांच्या घरात आसरा नाही.

असो. दिवाळे, मृत्यू आणि लोकनिंदा यांनी पोळलेला हा पुरुष देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर गेला. तो जीव द्यायला गेला नव्हता, बरं का! तो नाम घ्यायला गेला. कान्होबा भावाला शोधीत रानोमाळ हिंडले, शेवटी डोंगरावर भेट झाली. दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबारायांनी घरची खते आणविली. दुष्काळात बुडालेल्या घरात येणे म्हणून जे काही उरले होते ते एवढेच, लोकांच्या सह्यांचे आणि निशाण्यांचे कागद. त्यांचे दोन भाग केले. निम्मे कान्होबांच्या हाती दिले. आपल्या वाटणीचे निम्मे इंद्रायणीत सोडले.

येथे ऐकणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट. बुडविली ती स्वतःची येणी, देणी नव्हेत. ज्यांचे आपण लागतो त्यांचे कागद तुकोबांनी बुडविले नाहीत. ते त्यांच्या हाती नव्हतेच. जे आपले लागत होते त्यांना त्यांनी मोकळे केले. खत बुडविण्याचा अधिकार धनकोचा असतो. ऋणको सावकाराची पेटी फोडून खत बुडवील तर ती चोरी. सावकार स्वतः बुडवील तर ते दान. कृती दिसायला एक, फळ मात्र वेगळे.

दुसरी गोष्ट. कान्होबांचा निम्मा वाटा त्यांनी सोडला नाही. मनात आले असते तर थोरल्या भावाच्या नात्याने सगळीच खते टाकता आली असती, आणि गावाने वाहवाही केली असती. पण दुसऱ्याच्या हक्काच्या पैशावर आपले औदार्य करू नये, हा नेम त्यांनी पाळला. कान्होबांना संसार होता, त्यांनी आपला वाटा ठेवला, आणि त्यासाठी त्यांना कोणी उणे म्हटले नाही. हेच कान्होबा पुढे तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांत उभे राहिले. भावाच्या निर्याणानंतर त्यांनी केलेले विरहाचे अभंग वाचताना आजही डोळे भरून येतात. सावकारीचा वाटा ठेवणारा माणूस भक्तिमार्गातून बाहेर पडत नाही. वाटा ठेवून तो कसा वसूल करतो, यावर सारे अवलंबून असते.

तिसरी गोष्ट, आणि आम्हांस हीच सर्वांत मोठी वाटते. ही खते कोणाच्या नावची होती? दुष्काळात होरपळलेल्या कुळांची. पाऊस पडता तर पुढच्या सुगीला हीच खते पुढे करून महाजनांना त्यांची जमीन, बैल, घर ओढता आले असते. त्या काळी तगादा म्हणजे काय, हे तुकोबांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होते. घेणेकरी दारात धरणे धरून बसे, घरातल्यांना बाहेर पडू देत नसे. स्वतःच्या उंबऱ्यावर ते बसणे त्यांनी सोसले होते. तेच दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे की नाही, असा प्रश्न त्या काठावर उभा होता. त्याचे उत्तर त्यांनी पाण्यात सोडले. आपण सोसलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला घालायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुष्कळ आहे.

त्यानंतर तुकोबारायांनी सावकारी केली नाही. मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, भंडाऱ्यावर बसून पाठांतर केले, कीर्तन करू लागले. माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात उपदेश झाला. अभंग सुचू लागले, आणि ते लोकांच्या बोलीत होते म्हणून वाघोलीच्या रामेश्वर भटांनी वह्या बुडविण्यास सांगितले. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. रामेश्वर भट शेवटी त्यांचे शिष्य झाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला, असेही परंपरा सांगते. आयुष्यभर घरी गरिबीच राहिली, पण कोण्या कुळाचा तळतळाट त्या घराला लागला नाही. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ. स. १६५० मध्ये, त्यांचे निर्याण झाले. तो दिवस आपण बीज म्हणून पाळतो.

येथे चरित्र संपते, पण खतांची कथा संपत नाही. दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी याच पुणे प्रांतात पुन्हा खते नष्ट झाली, पण ती वेगळ्या रीतीने. तुकोबारायांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी करीत बारामतीला जाते, त्या वाटेपासून फार दूर नसलेल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावी तसेच घडले. माणसांवर त्यांनी फारसा हात टाकला नाही. मागणी एकच होती, आमच्या नावचे कागद द्या. मिळाले ते जाळले. या लोकांना शिक्षा झाल्या, आणि आम्ही त्या जाळपोळीची भलामण करीत नाही. पण सरकारने आयोग नेमून चौकशी केली तेव्हा काय दिसले? अक्षरशत्रू माणसाचा अंगठा घेऊन वाटेल तो आकडा लिहिलेला, फेड झाली तरी पावती नाही, व्याजाचे मुद्दल आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज, जुने खत फिरवून नवे खत. न्यायालय फक्त कागद पाही आणि हुकूमनामा देई.

म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायला सांगितले, गावी नोंदणी करून खत लिहायला लावले, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले. याज्ञवल्क्याने सांगितलेली कागदाच्या पाठीवरची नोंद आणि मनूची दुपटीची मर्यादा यांचाच हा नवा अवतार म्हणावा. जाळून जे झाले नाही ते विचारून झाले.

आज काय स्थिती आहे, तेही आमच्या माळकरी बंधुभगिनींना ठाऊक असावे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा लागू आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. त्याने हिशेब ठेवला पाहिजे, पावती दिली पाहिजे, आणि ऋणकोच्या पाठीस लागून त्याचा छळ करता कामा नये. बेकायदा सावकाराने बळकावलेल्या जमिनीसंबंधी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. बँकांना हा सावकारीचा कायदा लागत नाही, त्यांचे नियम वेगळे आहेत. तरी थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, आणि धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारे आणि चार दिवसांत नातेवाइकांना फोन करून अब्रू काढणारे जे निघाले आहेत, त्यांची भीती बाळगू नका. पोलिसांत जा.

मुदतीची गोष्ट तर नीट समजून घ्यावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या हातउसन्या कर्जाचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. गहाणाच्या कर्जाला मुदत मोठी, बारा वर्षांची. साध्या कर्जाची मुदत टळली की न्यायालयाचे दार धनकोला बंद होते. परंतु मुदतीच्या आत ऋणकोने देणे आहे असे लिहून सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत टळल्यावरही, देईन असे लेखी वचन सही करून दिले, तर ते बांधते. म्हणून गोड बोलून कोणी जुन्या कर्जावर नवी सही मागू लागला तर आधी चार जाणत्यांना विचारा. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा देऊ नका, कोरा धनादेश देऊ नका. रोख फेडाल तर पावती घ्या. न्यायालयाचे समन्स आले तर ते चुलीत घालू नका, तारखेला हजर राहा. तुम्ही गेला नाहीत तर तुमचे म्हणणे कोण मांडणार? एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो बारा वर्षे बजावता येतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना आणि गरिबांना ती फुकट वकील देते.

येथे कोणी विचारील, बुवा, मुदत टळलेले देणे द्यावे की न द्यावे? कायदा सांगतो, मागणाऱ्याला दावा लावता येत नाही. तो असे सांगत नाही की तुम्ही घेतलेच नव्हते. आमचे म्हणणे असे. अडीअडचणीला शेजाऱ्याने प्रेमाने हातउसने दिले असतील, तर मुदत टळो न टळो, ते द्यावे. सवडीने, हप्त्याने, पण द्यावे. ते न देता पंढरीस जाणे म्हणजे कोकणातल्या त्या मिरच्या नेणाऱ्यांच्या पंगतीस बसणे. पण मुद्दल दोनदा फेडून झाले, तरी व्याजाच्या नावाखाली कोणी घर मागत असेल, तर त्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. तेथे कायद्याचा आधार घेणे हे पाप नव्हे. तो अधिकार शास्त्रानेच दिला आहे.

आणि एक शेवटची विनंती, पोटतिडकीने. कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या वार्ता वर्षानुवर्षे येतात. त्या वाचल्या की हातातला टाळ खाली ठेवावासा वाटतो. बाबांनो, जीव दिल्याने खत बुडत नाही. सावकार तेच खत घेऊन तुमच्या लेकरांच्या दारात येतो. तुकोबारायांचे सगळे गेले होते. पत्नी गेली, मूल गेले, बैल गेले, पत गेली, अब्रू गेली. तरी त्यांनी दिवाळ्याला आपल्या जिवाची किंमत दिली नाही. भावाने शोधीत यावे, हात धरून काठावर आणावे, आणि मग दोघांनी मिळून कागद पुढ्यात घेऊन बसावे, असे त्या घरी घडले. तुमच्याही घरी तसेच घडो. कर्ज झाले असेल तर बायकोला सांगा, भावाला सांगा, दिंडीतल्या विणेकऱ्याला सांगा. आणि दिंडीतले कोणी चार दिवस गप्प गप्प दिसले, तर कान्होबांसारखे तुम्ही त्याला शोधायला जा.

तसेच ज्यांच्या पेटीत दुसऱ्यांची खते आहेत, त्यांनाही सांगणे आहे. आपल्यांत असेही पुष्कळ आहेत, आणि त्यांनी सगळीच खते नदीत टाकावीत असे आम्ही म्हणत नाही. कान्होबांनीही टाकली नव्हती. पण येत्या बीजेला देहूस जाल तेव्हा आधी घरची पेटी उघडावी. ज्याचे मुद्दल फिटले असेल त्याचा कागद शास्त्राप्रमाणे फाडून त्याच्या हाती द्यावा, ज्याचे रान करपले असेल त्याला सवड द्यावी. आणि मग इंद्रायणीत स्नान करावे.

जय जय रामकृष्णहरि.